तिसरं पेडल

त्याचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून त्याच्याकडे कधी कुणी आलं नाही. लोक विचारत यायचे ते “तो ‘बसवतो’ कुठे भेटेल?” असं. अमुक भाग मिळत नाही, तमुक कंपनी कधीच बंद पडली, असं रडगाणं घेऊन माणूस आला की हा हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा, बोनेटखाली डोकं घालायचा आणि तिथूनच म्हणायचा, “बसवतो.” टेम्पोचा रेडिएटर टॅक्सीत, स्कूटरचं कुलूप ट्रकच्या दाराला, एकाचं ते दुसऱ्याला. आणि ते बसायचंही. त्याची बायको म्हणायची, मला बघायला आले तेव्हाही यांनी एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या घराच्या दाराकडे बघून मनातल्या मनात हेच म्हटलं असणार.

असं नाव पडलं की माणूस थोडा फुगतो. त्यात काही बिघडत नाही, हात तर काळेच राहतात. पण जो माणूस ‘बसतं का’ एवढंच बघायला शिकतो, तो ‘कुणासाठी’ हे विचारायचं हळूहळू विसरतो. हे त्याला कळलं ते स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या गाडीत, आणि फार उशिरा.

गाडी जुनी होती. लांबलचक, दुधाळ रंगाची, मागे माशाच्या परासारखे दोन पंख. सगळं गाव तिला ‘भाऊजींची गाडी’ म्हणायचं, कारण ताईच्या नवऱ्याने ती कुठून कुठून शोधून आणली होती. तो तिला रोज पुसायचा, तिच्याबद्दल तासन् तास बोलायचा. चालवायची मात्र ताई. भाऊजींच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या, त्यांना लायसन्स कुणी दिलंच नसतं. ते आयुष्यभर तिच्या शेजारी बसले आणि गाडी मात्र त्यांची म्हणून ओळखली गेली. जगाची रीतच आहे ती.

या गाडीला क्लच नव्हता. खाली दोनच पेडलं, एक वेगाचं आणि एक ब्रेकचं, दोन्ही उजव्या पायाची. स्टिअरिंगच्या दांड्याला एक काटा होता. तो खाली ओढला की पुढचे गिअर गाडी आपले आपण बदलायची. आणि ताईचा डावा पाय अधू होता. लहानपणी ताप आला, पायातलं बळ घेऊन गेला. हा धाकटा भाऊ जन्माला आला त्याच्या आधीची ही गोष्ट. त्याने डोळे उघडल्यापासून ताईला काठी घेऊनच चालताना पाहिलेलं, त्यामुळे तिचा पाय अधू आहे हे त्याला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. घरातलं घड्याळ बंद पडून वर्षं झाली की माणूस त्याच्याकडे बघायचं सोडून देतो, तसं.

भाऊजी गेले. त्यांच्या आजारपणात गाडी छपरीत उभी राहिली ती राहिलीच. मग एक दिवस ताईने भावाला बोलावून घेतलं.

ताईचं घर गावाच्या टोकाला, चढावर. तिथे बस येत नाही. दुकानं, बँक, डॉक्टर सगळं खाली. गाडी चालू होती तोवर ताईला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नव्हतं. आता भाजीसाठीसुद्धा शेजाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागत होती.

छपरीत काठी टेकून उभी राहत ती म्हणाली, “पोरगा न्यायला येतोय. घर विक आणि माझ्याकडे चल म्हणतो. त्याचंही काही चुकत नाही, इथे अडकून पडलेय मी. पण ही चालली तर मी कुठे जात नाही. मला ही पूर्वीसारखी करून दे.”

त्याने बोनेट उघडलं. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने तडा गेला होता. टॉर्च मारून तो बराच वेळ बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला.

“इंजिन गेलंय,” तो म्हणाला. “दुसरं बसवतो.”

“तुला काय सांगायचं, तुला सगळं माहीतच आहे,” ताई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. दोघांनाही ते पुरेसं वाटलं.

भंगारात त्याला एका माल वाहणाऱ्या व्हॅनचं डिझेल इंजिन सापडलं. व्हॅन मागून चेपली होती, पण इंजिन धडधाकट होतं आणि त्याच्या पाठीला त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स होता, हाताने बदलायचा, पाच गिअरचा. त्याने दोन्ही एकदम उचलून आणलं. शेजारचा लेथवाला त्याचा जुना दोस्त. तो हात पुसत बघायला आला.

“नाकापेक्षा मोती जड,” लेथवाला म्हणाला. “आणि गिअरबॉक्स कशाला बदलतोस? जुना चांगला आहे की. नुसतं इंजिन घे, मधे जोडायची प्लेट मी काढून देतो.”

“त्या सुस्त डब्याला एवढं तगडं इंजिन जोडू? शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपल्यासारखं होईल.”

“टांग्यात बसणाऱ्याला विचारलंस का?”

“काही विचारायला नको. बघ तू, अशी पळेल की लोक वळून वळून बघतील.”

प्लेटचं काम किचकट झालं असतं, पण होण्यासारखं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर आता ती गाडी, ते इंजिन आणि बघायला जमलेली माणसं एवढंच होतं. ताई त्या चित्रात कुठेच नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणणं बरोबर नाही, तो खेळच होता. साखळी-कप्पीने इंजिन उचलायचं, गाडीच्या पोटात उतरवायचं, कुठे अडतंय ते बघायचं, पुन्हा वर घ्यायचं. खालचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या दांडीवर आपटत होतं, तर ते कापून, आखूड करून पुन्हा वेल्डिंग केलं. इंजिनाला धरून ठेवणारी जुनी माउंटिंग जुळेनात, तर जाड पत्र्याची नवी बनवली. मागच्या चाकांकडे जाणारा मधला शाफ्ट लांब पडला, तो लेथवाल्याकडून कापून, जोडून, गरगर फिरवून तपासून घेतला. गिअरचा दांडा वर येण्यासाठी गाडीच्या पोटातला पत्रा ग्राइंडरने उघडावा लागला. दुपारी बायको जेवायला हाक मारायची आणि शेवटी ताट झाकून ठेवायची.

जुना गिअरबॉक्स जागा अडवत होता. तो त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला.

शेवटी राहिलं क्लचचं पेडल. ते लावायच्या जागी, खाली, डाव्या बाजूला, त्याला एक लाकडाचा ठोकळा स्क्रूने घट्ट बसवलेला दिसला. तिरका उतार, टाचेला आधार देणारी उंच कड, वर मऊ चामडं, मधोमध वापरून काळपट पडलेलं. ‘भाऊजींचा काहीतरी शौक’ असं मनात म्हणत त्याने तो उचकटला. पितळी स्क्रू चांगले होते, ते डबीत टाकले. ठोकळा मागे लाकडाच्या ढिगात फेकला. हातात धरला होता, वर पायाचा ठसा होता, तरी फेकला.

ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. अंगणात मागेपुढे गाडी फिरवून त्याने बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेले हात घेऊनच आली. सगळीकडून बघून घेतलं, चांगली झाली म्हणाली, मग उघड्या दारातून आत वाकली आणि तशीच थांबली.

“अहो, ही तीन पेडलं कशी?”

“डावीकडचं क्लचचं. आता हाताने गिअर टाकायचे, मजा आहे.”

“ते कळलं. पण वन्सं ते दाबणार कुठल्या पायाने?”

त्याने खाली पेडलांकडे बघितलं. इंजिन चालूच होतं. एकसारखं, गुळगुळीत, कुठे खरखर नाही. त्याने हात घालून चावी फिरवली आणि ते बंद केलं.

बायको हातांचं पीठ झटकत घरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी समजलं. चूक काय, सगळ्यांची होते. उलटा नट लावला, तार चुकीची जोडली, असल्या चुकांवर तो स्वतःच हसायचा. ही तसली नव्हती. भाऊजींनी असली गाडी का शोधून आणली होती? आयुष्यात दुसरा कसला शौक न केलेल्या माणसाने? त्यांना दूरचं धड दिसत नव्हतं, पण बायकोचा पाय दिसला होता. आणि दोन्ही डोळे शाबूत असलेल्या सख्ख्या भावाने तोच पाय ठेवायची जागा आपल्या हाताने उचकटून काढली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग त्याने ताईलाच दोष देऊन बघितला. सांगायला नको होतं का तिने? एका शब्दाने सांगितलं असतं तर! पण हा विचार अर्ध्या कप चहापुरताही टिकला नाही. स्वतःचा पाय अधू आहे हे आपल्या भावाला कोण सांगत बसतं?

तो भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गिअरबॉक्सचं कवच घणाने फोडून अॅल्युमिनियम एका पोत्यात आणि लोखंड दुसऱ्यात भरलेलं होतं. त्याने पोत्यात हात घालून एक तुकडा वर काढला, बघितला, परत टाकला. लेथवाल्याकडे गेला तर त्याने बसायला स्टूल पुढे सरकवलं. “मी म्हणालो होतो” हे त्याने म्हटलं नाही, आणि न म्हटलेलंच जास्त लागलं.

दरम्यान ताईचे फोन येत होते. तो म्हणायचा, वायरिंग राहिलंय. मग म्हणायचा, काच हलतेय. ताई म्हणायची, “सावकाश कर, घाई नाही,” आणि थोडं थांबून, “पोरगा पुढच्या आठवड्यात येतोय तेवढं फक्त लक्षात ठेव.” चोराच्या मनात चांदणं. फोनची घंटा वाजली की तो गाडीखाली शिरायचा.

आणि एक दिवस ताई शेजाऱ्यांच्या गाडीतून स्वतःच येऊन उतरली.

तो ग्राइंडर बंद करून उठेपर्यंत ती तिच्या गाडीजवळ पोचलीसुद्धा होती. दुधाळ पत्र्यावरून तिने हात फिरवला. म्हणाली, “चकचकीत केलीस रे.” दार उघडलं, काठी मागच्या सीटवर टाकली, आधी स्वतः बसली, मग नेहमीसारखा दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला आणि ठेवला. पाय क्लचच्या पेडलवर जाऊन पडला. पेडल जराही दबलं नाही.

तिने खाली बघितलं. तीन पेडलं बघितली, मधला नवा दांडा बघितला, स्टिअरिंगजवळची काट्याची रिकामी जागा बघितली. तो दाराशी उभा होता. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं.

ताईने पाय उचलून पुन्हा बाहेर ठेवला.

“छान झालीय,” ती म्हणाली. “तू चालव. मी बसते पलीकडे.”

मागच्या सीटवरची काठी घेऊन ती गाडीला वळसा घालून भाऊजींच्या जागेवर जाऊन बसली. त्याने गाडी रस्त्यावर काढली. दोघं गावाला एक फेरी मारून आली. इंजिनाचा आवाज किती शांत आहे, चढ किती सहज चढते, असं ती म्हणत होती. लोक खरंच वळून वळून बघत होते. त्याला त्यांच्याकडे बघवेना. तिने रागवावं, निदान रडावं, म्हणून तो वाट बघत होता, आणि ती त्याच्या कामाचं कौतुक करत होती.

गॅरेजपाशी उतरताना ती म्हणाली, “पोराला कळवते, मी येते तुझ्याकडे म्हणून. गाडी तुझ्याकडेच राहू दे. तू नीट ठेवशील.”

“ताई.”

“अरे, असू दे. तुला आनंद झाला ना बनवताना?”

होय म्हणायची त्याला लाज वाटली आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं.

“पोराला इतक्यात काही कळवू नकोस,” तो म्हणाला. बसवतो म्हणायचं जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

त्या आठवड्यात त्याने दुसऱ्या कुठल्याच गाडीला हात लावला नाही. क्लच पायाने दाबायचा नाही, हाताने दाबायचा, एवढी सरळ गोष्ट. पण क्लच जड, आणि ताईची मूठ साठीची. मोटरसायकलची मूठ गिअरच्या दांड्याला लावली, तिच्यातून तार नेली, पण तार ओढताना त्याच्याच हाताला कळ लागायची. मग भंगारातल्या गाडीचा ब्रेकला जोर देणारा बूस्टर आणला, तो क्लचला जोडला. आधी क्लच एकदम सुटायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. लेथवाल्याने न सांगता बारीक भोकाची एक छोटी नळी, म्हणजे बुश, कातून आणून दिली. ती घातल्यावर मूठ हळूहळू सोडता येऊ लागली. आता त्याची बायको त्या सीटवर बसायची आणि डाव्या हाताने पन्नास वेळा दाबून सांगायची, जड आहे, अजून जड आहे, आता ठीक. ती म्हणाली, “वन्संचं मनगट माझ्यापेक्षा बारीक आहे.” त्याने पुन्हा सगळं उघडलं.

तिसरं पेडल काढून टाकलं. मग तो मागे लाकडाच्या ढिगापाशी गेला आणि ढीग उपसायला लागला. ठोकळा सापडला. एका कोपऱ्याचं चामडं निघालं होतं, ते त्याने चिकटवलं. डबीतले पितळी स्क्रू काढले. पण पेडलसाठी पत्रा कापताना जुनी भोकंच गेली होती. नवी पाडावी लागली, ती अंदाजाने.

गाडी घेऊन तो ताईच्या घरी गेला. भाचा आदल्या दिवशीच आला होता आणि आत कुणाशी तरी फोनवर घराच्या किमतीचं बोलत होता. ताई बाहेर आली. नव्या मुठीकडे बघून तिने भुवई उचलली. बसली. दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. पाय ठोकळ्यावर टेकला, आणि क्षणभर तिने डोळे मिटले.

मग तिने पाय किंचित सरकवला. पुन्हा सरकवला.

एरवी हे त्याच्या नजरेला पडलंच नसतं. आज तो तेवढंच बघत होता.

“ताई, पाय नीट बसतोय का?”

“चालेल की.”

“चालेल नको. नीट सांग.”

“थोडा आत हवा होता. टाच बाहेर राहतेय.”

तो खाली गुडघ्यांवर बसला. खिशातून खडू काढला. तिचा पाय हातात धरून त्याने उचलला आणि तिला हवा तिथे ठेवला. पाय लहान मुलीचा असावा एवढाच होता, आणि गार. बुटाचा तळवा एका बाजूला जाड करून घेतलेला होता, हेही त्याला आत्ता कळलं. या बहिणीचं बोट धरून तो चालायला शिकला होता. तिचा पाय त्याने आज पहिल्यांदा बघितला. त्याने खडूने पायाभोवती रेघ ओढली, ती वाकडी गेली. ती पुसून त्याने दुसरी ओढली.

“मी आधी विचारायला हवं होतं,” तो तसाच खाली बघत म्हणाला.

“हो,” ताई म्हणाली. “हवं होतं.”

असू दे म्हणाली नाही. त्याला ते बरंच वाटलं.

ठोकळा रेघेवर बसवून झाला. तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि मूठ कधी दाबायची, कधी सोडायची ते त्याने तिला दाखवलं. ताईने चावी फिरवली, मूठ दाबली, गिअर टाकला, मूठ सोडली. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. भाचा फोन हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. तिसऱ्यांदा तिने मूठ इतकी सावकाश सोडली की गाडी कधी हलली ते कळलंच नाही.

फाटकातून बाहेर पडताना तिने काच खाली करून मुलाला सांगितलं, “मी बँकेत जाऊन येते. आणि फोनवर ज्यांच्याशी बोलत होतास त्यांना सांग, घर विकायचं नाहीये. तू आलायस तर चार दिवस मजेत राहा.”

उताराला लागल्यावर तिने वेग कमी केला. डावा हात मुठीवर होता. दाबायची, बदलायची, सोडायची. हाताला काम बरंच होतं.

“तो काटा होता ना, तेव्हा हा हात मोकळा असायचा,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “यांना काही नीट दिसायचं नाही. वळण आलं की घाबरायचे आणि माझा हात धरायचे. शेवटपर्यंत.”

त्याने तिच्या डाव्या हाताकडे बघितलं.

“ते गेल्यापासून तो नुसताच पडून असायचा,” ताई म्हणाली. “काम मिळालं त्याला.”

पुढे वळण होतं. तिने मूठ दाबली, गिअर खाली घेतला, आणि तो भाऊजींच्या जागेवर आपले काळे हात मांडीवर घेऊन बसून राहिला.